लाल दिव्याचे निदान: मुंबईतील मोटार-वीजकामाचा इतिहास

मोटारीच्या डॅशबोर्डवरील दिवे लुकलुकू लागले, तर दोष बहुधा त्या दिव्यांत नसतो. तो बॅटरी, वीज निर्माण करणारे यंत्र, त्या दोहोंमधील नियामक किंवा या सर्वांना जोडणाऱ्या तारा यांपैकी कोठेतरी असतो आणि दिवा तो केवळ उघड करतो. मोटारीत वीज आली तेव्हापासून वीजकाम करणाऱ्या कारागिरांना हे ठाऊक आहे. परंतु दिव्याने दोष उघड करण्याची रीत गेल्या शंभर वर्षांत मुळापासून बदलली: पूर्वी हा दिवा वीजमंडलाचा प्रत्यक्ष घटक होता, आज तो बहुतेक गाड्यांत संगणकाने पाठविलेला निरोप दाखविणारा फलक झाला आहे, आणि या बदलाबरोबर निदानाची साधने, कारागिराचे शिक्षण व त्याचे बाजारातील स्थान हेही बदलले. हा बदल पाहण्यास मुंबईसारखे दुसरे शहर भारतात क्वचितच सापडेल, कारण तेथे एकाच घराण्यातल्या गाड्या अनेक दशके टॅक्सी म्हणून धावल्या, एका विशिष्ट विद्युत-रचनेभोवती कारागिरांचा एक वर्गच्या वर्ग उभा राहिला आणि त्या रचनेबरोबरच तो विरळ होत गेला.

मुंबईत पहिल्या मोटारी १८९८ साली आल्या, तेव्हा त्यांच्यात आजच्या अर्थाने वीजपुरवठा नव्हता. रात्रीच्या प्रवासासाठी रॉकेलचे किंवा कार्बाइडचे दिवे असत. कार्बाइडच्या दिव्यात कॅल्शियम कार्बाइडच्या खड्यांवर पाणी ठिबकवून ॲसिटिलीन वायू तयार केला जाई आणि तो जाळून प्रकाश मिळे. असा दिवा फडफडला तर पाण्याची धार तपासावी, नळी साफ करावी किंवा खडे बदलावेत एवढेच काम असे, आणि ते चालकाचा मदतनीस म्हणजे क्लीनर करी. इंजिनातील ठिणगीसाठी लागणारी वीज मॅग्नेटो या स्वयंपूर्ण यंत्रातून मिळे, ज्यात कायम चुंबकाजवळ फिरणाऱ्या गुंडाळीत वीज निर्माण होत असल्याने बॅटरीची गरज पडत नसे. ही घडी मोडली ती चार्ल्स केटरिंग या अमेरिकी अभियंत्याने तयार केलेल्या आणि १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत बसविलेल्या विजेच्या स्टार्टरने. मराठी गॅरेजांत ज्याला आजही नुसते ‘सेल्फ’ म्हणतात, त्या यंत्राला क्षणभर प्रचंड वीजप्रवाह लागतो. त्यासाठी मोठी बॅटरी आली, बॅटरी भरत राहावी म्हणून डायनॅमो आला, आणि एकदा गाडीत कायमची वीज आहे म्हटल्यावर दिवे, भोंगा व पुढे मीटर उजळणारे बल्बही तिच्यावरच जोडले गेले. दिवे लुकलुकण्याच्या तक्रारीचा जन्म या जोडणीत आहे.

त्या काळच्या सर्वाधिक खपाच्या गाडीत मात्र लुकलुकणे हा दोष नसून रचनेचाच भाग होता. फोर्ड कंपनीच्या ‘मॉडेल टी’ला १९१५ पासून विजेचे पुढचे दिवे मिळाले, पण ते इंजिनाच्या फ्लायव्हीलवर बसविलेल्या मॅग्नेटोवर चालत, त्यामुळे इंजिनाचा वेग वाढला की प्रकाश वाढे आणि वळणावर गाडी हळू केली की नेमका रस्ता दिसायला हवा त्या क्षणी दिवे मंद होत. फोर्डने १९२६ मध्ये आणि जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत सुटे भाग जोडून गाड्या तयार करण्याचे कारखाने काढले; शिवडीच्या जनरल मोटर्स कारखान्यातून शेव्हरोले गाड्या बाहेर पडू लागल्या आणि त्यांच्याबरोबर डायनॅमो-बॅटरीची अमेरिकी पद्धत या शहरातल्या कारागिरांच्या हाताखाली आली.

या पद्धतीतील सुरुवातीच्या डायनॅमोंना तिसऱ्या ब्रशचे डायनॅमो म्हणत. ब्रश म्हणजे फिरत्या आर्मेचरमधून वीज बाहेर घेणारा कार्बनचा ठोकळा, ज्याला आपल्याकडे सरळ ‘कार्बन’ म्हटले जाते. दोन मुख्य कार्बनांखेरीज एक तिसरा, सरकविता येणारा कार्बन चुंबकीय क्षेत्राच्या गुंडाळीला वीज पुरवी आणि त्याची जागा बदलून डायनॅमोचा प्रवाह कमीअधिक करता येई. यात विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, मर्यादेत ठेवण्याची खरी जबाबदारी बॅटरीवरच पडे. बॅटरीच्या टर्मिनलची पकड ढिली झाली, तर दाब एकाएकी चढून दिवे आधी भडकत आणि मग एकामागून एक उडत. आणि दिवसा लांबचा प्रवास असला, तर बॅटरी जादा भरून तिचे पाणी उकळू नये म्हणून जाणते चालक भर उन्हात पुढचे दिवे लावून ठेवीत. त्यामुळे दिवा अवाजवी तेजस्वी दिसणे हे मंद दिसण्याइतकेच काळजीचे लक्षण ठरले. बल्ब वारंवार जात असतील तर नवा बल्ब घालण्याआधी बॅटरीचे टर्मिनल हलवून पाहावे, हा वीजकामातला संकेत त्या काळाचा आहे आणि तो आजही लागू पडतो.

या सर्व काळात मोटारीची एक मूलभूत काटकसर रूढ झाली, जिच्यातून लुकलुकणाऱ्या दिव्यांच्या पुष्कळ तक्रारी उद्भवतात. विजेला जाण्यासाठी एक आणि परतण्यासाठी एक अशा दोन तारा लागतात. परंतु मोटारीचा सांगाडा लोखंडाचाच असल्याने परतीची तार गाळून त्या सांगाड्यालाच परतीचा मार्ग केला गेला. या मार्गाला ‘अर्थ’ किंवा ‘अर्थिंग’ म्हणतात, मात्र जमिनीशी त्याचा काही संबंध नसतो. बॅटरीचे एक टोक जाड पट्टीने सांगाड्याला जोडलेले असते आणि प्रत्येक दिव्याची बैठक आपल्या जागी सांगाड्याला टेकते. तांब्याची बचत झाली, पण प्रत्येक दिव्याचे आरोग्य एका स्क्रूखालच्या रंगावर, गंजावर आणि ओलाव्यावर अवलंबून राहिले. हा व्यवहार कारखान्याच्या फायद्याचा आणि वीजकाम करणाऱ्याच्या पोटापाण्याचा ठरला, असे म्हणण्यास हरकत नाही.

तिसऱ्या ब्रशची जागा १९३० च्या दशकापासून जिने घेतली, ती कंट्रोल बॉक्स ही वस्तू जवळून पाहण्याजोगी आहे; मराठी कारागीर तिला सरसकट ‘कटआउट’ म्हणत, मात्र कटआउट हा तिचा केवळ अर्धा भाग होय. काळ्या झाकणाखाली दोन विद्युतचुंबक शेजारी-शेजारी उभे असत. पहिला कटआउट: डायनॅमोचा दाब बॅटरीच्या दाबापेक्षा वर गेला, म्हणजे साधारण १३ व्होल्टच्या आसपास पोहोचला, की त्याची पट्टी खाली ओढली जाऊन दोघांची जोडणी होई, आणि इंजिन मंदावून दाब उतरला की ती सुटे, नाहीतर बॅटरीची वीज उलटी डायनॅमोत शिरून ती रिकामी झाली असती. दुसरा नियामक: दाब ठरलेल्या मर्यादेपलीकडे जाऊ लागला की त्याचे संपर्कबिंदू उघडत, डायनॅमोच्या क्षेत्र-गुंडाळीच्या वाटेत एक रोधक येई, दाब पडे, बिंदू पुन्हा मिटत, आणि हे चक्र सेकंदाला कित्येक वेळा चालून दाबाची सरासरी हवी तेथे राही. बिंदू स्वच्छ असतील, तर ही थरथर इतकी जलद असे की दिव्याची तार तिला जुमानत नसे. त्यांवर काजळी धरली किंवा खड्डे पडले की थरथर अडखळे आणि मीटरच्या दिव्यात एक अनियमित फडफड दिसू लागे. हे बिंदू साफ करण्यातही एक मेख होती. ल्यूकस कंपनीच्या दुरुस्ती-पुस्तिकांत नियामकाचे बिंदू बारीक कार्बोरंडमच्या दगडाने घासण्यास परवानगी होती, परंतु कटआउटच्या मऊ बिंदूंना फक्त बारीक काचकागद लावावा आणि कार्बोरंडम किंवा एमरी कधीही लावू नये, अशी ताकीद होती. झाकण उघडून दोन्हींवरून एकच पॉलिश पेपर फिरविणारा कारागीर काही महिन्यांनी तीच गाडी पुन्हा पाहत असे.

ल्यूकसचे नाव येथे ओघाने आले, पण ते या इतिहासात टाळता येत नाही. बर्मिंगहॅमच्या जोसेफ ल्यूकसने एकोणिसाव्या शतकात हातगाडीवर रॉकेल आणि दिवे विकण्यापासून सुरुवात केली, सायकलच्या दिव्यांनी नाव मिळविले आणि पुढे त्याची कंपनी बहुतेक ब्रिटिश गाड्यांना विजेची सामग्री पुरवू लागली. तिच्या सामग्रीच्या बेभरवशीपणामुळे इंग्रजी मोटारशौकिनांनी ल्यूकसला ‘अंधाराचा राजपुत्र’ अशी पदवी बहाल केली. ही थट्टा काहीशी अन्यायाची होती, कारण दमट हवा आणि पातळ अर्थिंग यांचे पापही तिच्याच माथी गेले. भारतात टी. व्ही. सुंदरम अय्यंगार यांच्या उद्योगसमूहाच्या भागीदारीत १९६१ साली ल्यूकस-टीव्हीएस ही कंपनी स्थापन झाली आणि मद्रासजवळच्या पाडी येथे डायनॅमो व सेल्फ तयार होऊ लागले, तेव्हापासून दुरुस्तीचे सुटे भाग देशातच मिळू लागले.

मुंबईच्या दृष्टीने निर्णायक घटना त्याआधीच घडलेली होती. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. कुर्ल्याच्या कारखान्यात प्रथम अमेरिकी क्रायस्लर समूहाच्या गाड्यांची जोडणी झाली आणि १९५० च्या दशकात इटलीच्या फियाट कंपनीशी झालेल्या करारातून फियाट ११०० येऊ लागली, जिच्या पहिल्या गोलसर रूपाला मुंबईकर ‘डुक्कर फियाट’ म्हणत. भारत सरकारने १९५३ मध्ये ज्यांच्याकडे येथेच उत्पादन करण्याचा कार्यक्रम नाही अशा परदेशी जोडणी-कारखान्यांना पाठिंबा देण्याचे थांबविले, त्यानंतर फोर्ड आणि जनरल मोटर्स यांनी आपला कारभार आवरला आणि देशात मोटारींचे दोन-तीनच नमुने उरले. ग्राहकाच्या दृष्टीने हा तुटवड्याचा काळ होता, पण वीजकामाच्या धंद्याला त्याने असाधारण स्थैर्य दिले. फियाट ११०० चीच पुढची आवृत्ती असलेली प्रीमियर पद्मिनी २००० सालच्या सुमारापर्यंत तयार होत राहिली, तेव्हा १९६० च्या दशकात उस्तादाच्या हाताखाली शिकलेले वायरिंग कारागिराला आयुष्यभर पुरे. आकृत्यांची पुस्तके फारशी लागत नसत. कोणत्या रंगाची तार कोठे जाते आणि कोठे हमखास तुटते, हे हातालाच माहीत असे. कुर्ल्याचा सीएसटी रोड, ऑपेरा हाउसजवळचा सुट्या भागांचा बाजार आणि पुण्यात नाना पेठ ही या ज्ञानाची पुरवठाकेंद्रे होती, जेथे जुना डायनॅमो देऊन नव्याने वायंडिंग केलेला डायनॅमो घेता येई.

या गाड्यांच्या डॅशबोर्डवर दोन प्रकारचे दिवे असत: मीटर रात्री वाचता यावे म्हणून आतून उजळणारे आणि काही बिघडल्यास पेटणारे. दुसऱ्या प्रकारात चार्जिंगचा लाल दिवा सर्वांत महत्त्वाचा. त्यापूर्वीच्या गाड्यांत बॅटरीकडे जाणारा व तिच्यातून येणारा प्रवाह दाखविणारे ॲमीटर असे. अमेरिकेत हडसन कंपनीने १९३० च्या दशकात त्याऐवजी दिवा बसविला, तेव्हा काट्याला सरावलेल्या चालकांनी त्याला मूर्खांचा दिवा म्हणून हिणविले. हा दिवा मूर्खांसाठी असेल, पण त्याची जोडणी फार चतुर होती. त्याचे एक टोक चावीच्या स्विचमार्गे बॅटरीला आणि दुसरे डायनॅमोला जोडलेले असे. चावी फिरविली आणि इंजिन बंद आहे, तर बॅटरीची वीज दिव्यातून डायनॅमोच्या गुंडाळीमार्गे सांगाड्यात उतरे आणि दिवा पूर्ण पेटे. इंजिन चालू झाले की डायनॅमोचा दाब वाढे, दोन्ही टोकांमधला फरक घटे, दिवा मंदावे, आणि दोन्ही दाब सारखे झाले की विझे. म्हणजे हा दिवा कोणी कळविल्यावरून पेटत नसे. बॅटरी आणि डायनॅमो यांच्या दाबांतील फरक हेच त्याचे इंधन होते. वीजकामातील सारे जुने निदान या एका गोष्टीवर उभे आहे.

त्यावरून कारागीर जे वाचीत, ते पुढीलप्रमाणे होते. सिग्नलला गाडी उभी असताना लाल दिवा मिणमिणला आणि ॲक्सिलरेटर दाबताच विझला, तर काही बिघडलेले नाही, कारण मंद वेगावर डायनॅमो पुरेशी वीज देतच नाही. त्या काळातील ल्यूकसचा एक सर्वपरिचित डायनॅमो पूर्ण वेगातही फार तर २२ अँपिअर देई, तर आजच्या लहान गाडीचे यंत्रही त्याच्या तिप्पट-चौपट देते. मुंबईच्या गर्दीत दिवसभर सरपटणाऱ्या टॅक्सीची बॅटरी उतरत असे ती बहुधा यामुळेच, आणि मालकाला ते पटविणे हे कारागिराचे वेगळे काम असे. दिवा वेगातही पूर्ण न विझता फिकट तांबूस राहिला, तर कटआउटच्या बिंदूंत किंवा मधल्या तारेत अडथळा आहे. तो इंजिनाच्या वेगाबरोबर अनियमित फडफडला, तर कार्बन झिजले आहेत किंवा कम्युटेटर खराब झाला आहे. आणि केवळ खड्ड्यांत गाडी आपटली की सगळेच दिवे चमकून जात असतील, तर डायनॅमोला हातही लावू नये. तो ‘लूज कॉन्टॅक्ट’ असून तो बॅटरीपासून शोधत यावा. मीटरचे दिवे फक्त इंडिकेटरच्या तालावर लुकलुकत असतील, तर त्या मीटरचे अर्थिंग तुटले आहे: परतीची सरळ वाट बंद झाल्याने इंडिकेटरची वीज शेजारच्या बल्बांच्या तारांमधून उलटी वाट काढते आणि प्रत्येक ठोक्याला त्यांना हलविते. हे शेवटचे लक्षण ओळखणारा आणि न ओळखणारा या दोन कारागिरांच्या बिलांत मोठा फरक पडे, कारण पहिला एक स्क्रू घासून मोकळा होई आणि दुसरा बल्ब, स्विच व फ्लॅशर एकेक करून बदलीत बसे.

या सर्व तपासणीचे साधन म्हणजे एक १२ व्होल्टचा बल्ब, त्याला दोन तारा आणि टोकाला एक चिमटा. हा टेस्टिंग बल्ब मीटरपेक्षा काही बाबतींत अधिक विश्वासार्ह होता, कारण तो स्वतः प्रवाह खेचतो. तारेचे सारे धागे तुटून एकच उरला, तरी व्होल्टमीटर पूर्ण दाब दाखवितो, पण मोठा बल्ब मंद पेटून खरी स्थिती सांगतो. अर्थिंग संशयास्पद वाटले की एक जाड तार बॅटरीच्या ऋण टोकापासून थेट दिव्याच्या बैठकीला टेकवायची, दिवा उजळला तर दोष सिद्ध झाला. मग रंग खरवडून, गंज काढून, दातेरी वॉशर घालून स्क्रू पुन्हा कसायचा आणि वरून ग्रीस लावायचे. हे वॉशरचे काम पावसाळ्यापूर्वी करून घ्यावे, असा सल्ला किनाऱ्यावरचे कारागीर देत, आणि खारट दमट हवेत टर्मिनलवर चढणारा हिरवट-पांढरा थर ज्यांनी पाहिला आहे त्यांना त्याचे कारण सांगावे लागत नाही.

कम्युटेटरचे काम मात्र बल्ब आणि चिमट्याने होत नसे. कम्युटेटर म्हणजे आर्मेचरच्या टोकाशी असलेले तांब्याच्या पट्ट्यांचे नळकांडे. पट्ट्यांमध्ये अभ्रकाचे पातळ पापुद्रे असतात आणि कार्बन त्यांवरून घासत जाऊन वीज बाहेर घेतात. तांबे अभ्रकाच्या मानाने लवकर झिजते, मग अभ्रक वर उचलून येते, कार्बन त्यावर उड्या मारू लागतात, ठिणग्या पडतात आणि त्याच क्षणी डॅशबोर्डवरचा दिवा फडफडतो. उपाय असा की नळकांडे लेथवर हलकेच साफ करून घ्यायचे आणि नंतर पट्ट्यांमधील अभ्रक सुमारे पाऊण मिलिमीटर खोल कोरून काढायचे. त्यासाठी हॅकसॉचे पाते दोन्ही बाजूंनी घासून नेमक्या अभ्रकाच्या जाडीचे करून घेतलेले असे. एका आर्मेचरला अशा अनेक खाचा असतात आणि एकीतही काठ तुटता कामा नये. वायंडिंग करणाऱ्यांच्या दुकानांत नवख्या पोऱ्याला आधी निकामी आर्मेचरवर हेच कोरण्यास बसवीत.

या जगाला पहिला धक्का अल्टरनेटरने दिला. क्रायस्लरने १९६० च्या व्हॅलियंट गाडीत तो नेहमीची सामग्री म्हणून बसविला. भारतात डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि तिच्याबरोबर अल्टरनेटर असणारी गाडी सर्वसामान्यांच्या दारात उभी राहिली. अल्टरनेटरमध्ये वीज फिरत्या भागात नव्हे तर स्थिर गुंडाळ्यांत निर्माण होते, ती प्रत्यावर्ती असते आणि सिलिकॉनच्या सहा डायोडांतून जाऊन एकदिश होते. डायोड हा एकाच दिशेने वीज जाऊ देणारा झडपेसारखा भाग असल्याने उलट प्रवाह आपोआपच अडतो आणि कटआउटची गरज संपते. नियामकही लवकरच थरथरणाऱ्या बिंदूंऐवजी अर्धवाहकांचा झाला. मंद वेगातही वीज भरपूर मिळू लागली. लाल दिवा तोच राहिला, पण त्याच्या अंगी एक नवे काम आले: बहुतेक रचनांत सुरुवातीचा क्षेत्र-प्रवाह या दिव्यातूनच अल्टरनेटरला मिळतो, त्यामुळे बल्ब उडालेला असेल तर कित्येकदा अल्टरनेटर चार्जिंगच सुरू करीत नाही. चावी फिरविल्यावर न पेटणारा लाल दिवा हा पेटून राहणाऱ्या दिव्याइतकाच गंभीर, ही गोष्ट अनेक चालकांना बॅटरी बसल्यावर समजली.

लुकलुकण्याची जातही बदलली. एखादा डायोड निकामी झाला की एकदिश विजेत प्रत्यावर्ती लाटा मिसळतात. मग दिव्यांत एक जलद, जवळजवळ न मोजता येणारी थरथर दिसते, रेडिओत इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी शीळ ऐकू येते, आणि टेस्टिंग बल्ब मात्र सर्व ठीक असल्याचे सांगतो. येथे प्रथमच मल्टिमीटर अपरिहार्य झाला. गाडी बंद असताना चांगली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते, चालू असताना १३.८ ते १४.५ च्या दरम्यान, आणि मीटर प्रत्यावर्ती विजेवर लावून बॅटरीच्या टोकांवर दाब मोजला की डायोडाचा दोष उघडा पडतो. त्याच मीटरने अर्थिंगही अधिक नेमके मोजता येऊ लागले: दिवे लावून एक टोक बॅटरीच्या ऋण टर्मिनलवर आणि दुसरे इंजिनावर टेकविले की दोहोंमध्ये ०.२ व्होल्टपेक्षा जास्त फरक नसावा. अभ्रक कोरणाऱ्या हातांना मात्र या नव्या यंत्रात काम उरले नाही.

याच काळात मीटरच्या मागची बाजूही पालटली. तारांच्या जुडग्याऐवजी प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्यावर तांब्याच्या रेषा छापलेले मंडल आले आणि त्यात पाव वळसा देऊन बसणारे बिनटोपीचे छोटे बल्ब. उष्णतेने होल्डर सैल झाला की बल्ब खड्ड्यागणिक पेटतो-विझतो. अशा वेळी डॅशबोर्डवर थाप मारण्याचा प्रघात सर्वत्र आढळतो आणि तो निदान म्हणून अगदीच निराधार नाही.

दुसरा आणि अधिक खोल धक्का संगणकाचा. बॉश या जर्मन कंपनीने १९८६ मध्ये कॅन ही पद्धत जाहीर केली, जिच्यात गाडीतील निरनिराळे नियंत्रक दोन पिळलेल्या तारांवरून एकमेकांना सांकेतिक निरोप पाठवितात. वेगळ्या तारा कमी होतात आणि माहिती सर्वांना मिळते. पुढे भारतातील गाड्यांतही, विशेषतः प्रदूषणाचे निकष कडक होत जाऊन एप्रिल २०२० मध्ये भारत स्टेज ६ लागू होईपर्यंत, इंजिनावरील संगणकीय देखरेख सर्वत्र झाली. या रचनेत चार्जिंगचा दिवा बॅटरी आणि अल्टरनेटर यांच्यामध्ये नसतो. इंजिनाचा संगणक दाब मोजतो, निर्णय करतो आणि मीटरमधल्या संगणकाला तो दिवा लावण्यास सांगतो. ज्या दिव्यावरून मागची पिढी कारण वाचत असे, तो आता फक्त निष्कर्ष सांगतो, आणि कारणासाठी स्कॅनर लावून सांकेतिक क्रमांक वाचावा लागतो. शिवाय अनेक गाड्यांत संगणक इंधन वाचविण्यासाठी अल्टरनेटरचा दाब मुद्दाम खालीवर करतो, त्यामुळे दिव्यांची किंचित ‘डिम-फुल’ ही पूर्वी निश्चित दोष मानलेली गोष्ट आता सुस्थितीतील गाडीतही दिसू शकते. जुन्या कारागिरांपैकी अनेकांची फसगत झाली ती येथे. त्यांचे डोळे चुकले नव्हते, दिव्याचा अर्थच बदलला होता.

तरीही स्कॅनर हा सर्वज्ञ आहे, ही समजूत तितकीच चुकीची ठरते. डॅशबोर्डवरचे सारेच इशारे एकदम लागून-विझून जातात तेव्हा स्कॅनर दहा-बारा असंबद्ध दोषांची यादी देतो, आणि त्या सर्वांच्या मुळाशी पुष्कळदा दमलेली बॅटरी, सैल टर्मिनल किंवा मीटरचे कुजलेले अर्थिंग असते, कारण दाब घसरला की संगणक बंद पडून पुन्हा सुरू होतात. कॅनच्या तारांचीही तपासणी साध्या मल्टिमीटरने होते: तारजोडीच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचे रोधक असतात, म्हणून वीज बंद ठेवून दोन तारांमध्ये मोजले की ६० ओहम यावेत, १२० आले तर एका टोकाशी संबंध तुटला आहे. संबंध तुटण्याचे एक मोठे कारण म्हणजे पाणी: २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबईतल्या असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या, तेव्हा पाणी शिरलेल्या जोडण्या हे वीजकाम करणाऱ्यांपुढचे मोठे काम झाले. कनेक्टरच्या पिनांवर चढणारा गंज पाणी ओसरल्यावरही वाढत राहतो आणि दोष महिन्यांनी वर येतो. मूळ हार्नेस, म्हणजे कारखान्यात बांधलेला तारांचा जुडगा, कापून त्यात धुक्याचे दिवे, भोंगे आणि म्युझिक सिस्टिम जोडणाऱ्या ॲक्सेसरीच्या दुकानांनीही या धंद्याला काम कमी पडू दिलेले नाही. नुसत्या पिळ्यावर गुंडाळलेली काळी टेप उन्हाळ्यात चिकट होऊन सुटते, आणि तेथून पुढची कथा कोणत्याही क्रमांकाच्या यादीत सापडत नाही.

शिक्षणाची वाटही या बदलाबरोबर वळली. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत आज मेकॅनिक ऑटो इलेक्ट्रिकल अँड इलेक्ट्रॉनिक्स असा स्वतंत्र व्यवसाय-अभ्यासक्रम आहे, त्यामुळे पूर्वी उस्तादाच्या दुकानात वर्षे काढून मिळणारे ज्ञान प्रमाणपत्रासह मिळते. मात्र वर्गात आकृतीवरून शिकलेले अर्थिंग आणि गाडीखाली पडून हाताला लागलेले अर्थिंग यांतील अंतर प्रत्यक्ष कामातच भरून निघते. ज्या गाड्यांवर ते जुने ज्ञान उभे होते, त्याही आता गेल्या: मुंबईत काळ्या-पिवळ्या टॅक्सी म्हणून नोंदविलेली शेवटची प्रीमियर पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात नोंदली गेली होती, आणि टॅक्सीसाठीची वीस वर्षांची वयोमर्यादा संपल्याने ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस ती रस्त्यावरून गेली. कटआउट आणि कार्बन आता मुख्यतः जुन्या गाड्या जपणाऱ्या हौशी मालकांच्या कामापुरते उरले आहेत.

विजेवर चालणाऱ्या नव्या मोटारींत तर अल्टरनेटरही नाही. मोठ्या बॅटरीचा उच्च दाब एका परिवर्तकातून १२ व्होल्टवर आणला जातो. परंतु दिवे, मीटर, कुलपे आणि सारे नियंत्रक आजही एका लहान १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतात, आणि ती उतरली तर मोठी बॅटरी भरलेली असूनही पडदा लुकलुकतो व गाडी सुरू होत नाही. अशी गाडी समोर आली की जाणता कारागीर स्कॅनर जोडण्याआधी त्या लहान बॅटरीचा दाब मोजतो आणि तिची सांगाड्याकडे जाणारी पट्टी हलवून पाहतो.